अण्णांच्या फोनवर येणारा कोड

श्रीकंठय्यांना संगीताचं अतोनात वेड होतं, आणि टीव्हीवरच्या खून-दरोड्यांच्या मालिकांचं त्याहून थोडं जास्त. या दोन्ही वेडांपायी त्यांनी उभ्या आयुष्यात एक पैसा खर्च केला नव्हता. सरकारी कचेरीतून ते अधीक्षक होऊन निवृत्त झाले होते. पण त्या बढतीपेक्षा त्यांना या गोष्टीचा अभिमान जास्त.

"सरस्वतीला कधी कुणी भाडं दिलंय का?" ते विचारायचे. "कला म्हणजे वारा. आपण फक्त खिडकी उघडी ठेवायची."

खिडकी मात्र नेहमी दुसऱ्याची असायची.

म्हैसुरात रामनवमीचे मांडव पडले की महिनाभर रोज संध्याकाळी कुठे ना कुठे मैफल असते. श्रीकंठय्या तिकिटाच्या खुर्च्यांकडे ढुंकूनही पाहत नसत. मांडवासमोरच्या औषधाच्या दुकानाची पायरी त्यांची ठरलेली जागा. तिथे बसून ते ताल धरत, मध्यंतरात आत शिरून प्रसादाचं गुळाचं पानक आणि मुगडाळीची कोसंबरी घेत आणि दुसऱ्या दिवशी संयोजकांना गाठून सांगत, "काल व्हायोलिनचा आवाज दबला होता हो. बाहेर बसणाऱ्यांचाही काही विचार करत जा."

घरातही तेच. सकाळी फोनवर विष्णुसहस्रनाम लावायचं ते जाहिरातींचं. मधेच बाथरूमच्या फरशांची जाहिरात लागे. तेवढ्या वेळात ते फुलांची परडी आणून ठेवत. फरशी संपली की पुन्हा भगवंत. पत्नी नागरत्नम्मा एकदा म्हणाल्या होत्या, "अहो, देवापुढे तरी जाहिरात नको." त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. "जाहिरात देवाला ऐकू येत नाही. त्याला भक्ती ऐकू येते."

शेजारी विशालाक्षी टीचर राहायच्या. त्या वीणा शिकवत. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत. संध्याकाळी टीचर स्वतःसाठी वाजवायला बसल्या की श्रीकंठय्या खुर्ची भिंतीला लावून डोळे मिटत. एवढ्यावर थांबते तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण एका संध्याकाळी कुठलीशी विद्यार्थिनी आली म्हणून टीचरनी कल्याणी राग मधेच सोडला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हे फाटकापाशी हजर.

"टीचर, काल कल्याणी अर्धाच ठेवलात. रात्रभर नीट झोप नाही लागली."

टीचरनी झाडाला पाणी घालायचं थांबवलं. "तुम्ही माझ्याकडे शिकायला येता का, श्रीकंठय्या?"

"छे, छे. ऐकतो."

"कुठून?"

"भिंतीतून."

"मग भिंतीला सांगा," असं म्हणून टीचरनी पाण्याची नळी दुसऱ्या कुंडीकडे वळवली. थोडं पाणी श्रीकंठय्यांच्या धोतरावरही उडालं. ते चुकून उडालं की कसं, हे नागरत्नम्मांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीट दिसलं होतं, पण त्यांनी कधी सांगितलं नाही.

टीव्हीची सोय लावून दिली होती शेषगिरी अण्णांनी. म्हणजे अण्णांना तसं ठाऊक नव्हतं. अण्णा श्रीकंठय्यांचे सख्खे चुलतभाऊ, वयाने मोठे, दोन गल्ल्या सोडून राहायचे. कॅनडातल्या मुलाने, प्रसन्नाने, त्यांना मोठा टीव्ही घेऊन दिला, त्याच्यावर सिनेमे-मालिकांचं खातं उघडून दिलं. टीव्ही सुरू करून द्यायला श्रीकंठय्या मोठ्या आपुलकीने गेले आणि येताना पासवर्ड पाठ करून आले. अण्णांना ते कळलं तेव्हा ते नुसते हसले. स्वभावाने माणूस गाईसारखा. म्हणाले, "बघ रे बघ. माझे डोळे थोडेच झिजतायत."

पुढे कंपनीला अक्कल आली. मधूनच श्रीकंठय्यांच्या टीव्हीवर पाटी यायला लागली, की हा टीव्ही खातेदाराच्या घरातला दिसत नाही, खातेदाराच्या फोनवर कोड पाठवलाय तो टाका. श्रीकंठय्या लगेच अण्णांना फोन लावत. अण्णा देवळात असोत, बाजारात असोत, चष्मा शोधून कोड वाचून दाखवत. एकदा दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंडात कापूस कोंबलेला असताना त्यांनी कोड सांगितला. "सहा" आणि "सात" यांत घोटाळा झाला तेव्हा श्रीकंठय्या चिडून म्हणाले, "अण्णा, जरा स्पष्ट बोलत जा हो. इथे खुनी सापडायची वेळ आलीय."

असे हे अण्णा एका मंगळवारी सकाळी कॉफी पिऊन पेपर उघडता उघडता गेले. कुणाला त्रास नाही, कुणाला निरोप नाही.

श्रीकंठय्या रडले, हे खोटं नव्हतं. लहानपणी कावेरीत पोहायला अण्णांनीच शिकवलं होतं. स्मशानात ते शेवटपर्यंत उभे राहिले. एकाच कुळातले, त्यामुळे त्यांनाही दहा दिवसांचं सुतक. ते त्यांनी कडक पाळलं. देवघराचं दार लावलं, दाढी सोडली, जेवणात गोड बंद केलं. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी रिमोट हातात घेतला.

नागरत्नम्मांनी देवघराच्या बंद दाराकडे बघितलं.

"सुतकात टीव्ही पाहू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" श्रीकंठय्या म्हणाले. "उलट मन रमतं. आणि फक्त दोनच भाग उरलेत."

मालिका कोडगूच्या एका कॉफीमळ्याच्या मालकाच्या खुनाची होती. अण्णा जाण्याआधी आठवडाभर ते तिला चिकटून होते. खून जावयाने केला की दिवाणजीने, एवढंच उरलं होतं. त्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर पाटी आली. कोड टाका.

कोड अण्णांच्या फोनवर गेला होता.

श्रीकंठय्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली. मग उठले, अंगवस्त्र खांद्यावर टाकलं.

"अण्णांच्या घरी, अत्तिगेंकडे जाऊन येतो. एकट्या असतील बिचाऱ्या."

"त्यांच्या घरात वीस माणसं आहेत," नागरत्नम्मा म्हणाल्या. "सकाळीच मी त्यांना भात पोचवून आलेय."

"माणसं असली तरी माणूस एकटाच असतो, नागू. फोन जवळ ठेव."

अण्णांच्या घरी बैठकीतल्या खुर्च्या बाहेर काढून जमखाने घातले होते. भिंतीशी अण्णांचा फोटो, पुढे समई. अण्णांची बायको वेदवती, म्हणजे श्रीकंठय्यांच्या अत्तिगे, वहिनी, खांबाला टेकून बसल्या होत्या. सत्तरीची, काटक बाई. आल्यागेल्याला मान हलवत होत्या. कोपऱ्यात पुरोहित प्रसन्नाला दहाव्याचं सामान सांगत होते.

श्रीकंठय्या अत्तिगेंजवळ बसले. उसासा टाकला.

"अत्तिगे, अजून खरं वाटत नाही."

"हं," अत्तिगे म्हणाल्या.

"आवाज कानात घुमतोय अण्णांचा. फोनवरचा."

"हं."

"फोन... चालू आहे ना अण्णांचा? नाही, म्हणजे, लांबलांबच्या लोकांचे निरोप येत असतील. कुणीतरी बघायला हवं. मी बघू का?"

अत्तिगेंनी पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडे नीट बघितलं. मग फोटोमागे हात घालून अण्णांचा फोन काढला, कमरेचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पडद्यावर बोट फिरवलं.

"बँकेचा आहे. गॅसवाल्याचा आहे. तुझ्या कचेरीतल्या कुणा चन्नप्पाचा आहे, ओम् शांती म्हणून. आणि हा एक कोडचा आलाय, आत्ताच दुपारचा." त्या थांबल्या. "हाच ना रे, श्रीकंठू?"

जमखान्यावरची कुजबुज थांबली. पुरोहितांचंही तीळ-दर्भावरचं बोलणं थांबलं.

"तसं नाही, अत्तिगे..."

"चार आकडी आहे. सांगू?"

इथे अब्रूची चाड असलेला माणूस उठून हात जोडून निघून गेला असता. श्रीकंठय्यांच्याही मनात ते आलं. पण पाटीवर लिहिलं होतं की कोड पंधरा मिनिटांत बाद होतो, आणि त्यातली दहा तर चालण्या-बोलण्यातच गेली होती. त्यांनी खिशातून फोन काढून घरी लावला.

"नागू," ते तोंडाशी हात धरून म्हणाले, "रिमोट घे."

"अहो, तिथे माणूस गेलंय घरातलं आणि तुम्ही..."

"हळू बोल. आकडे टाक फक्त."

"तीन," अत्तिगे खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आठ. आठ. एक. झालं का बघ म्हणावं."

झालं होतं. श्रीकंठय्यांनी फोन खिशात घातला, फोटोला नमस्कार केला आणि खाली मान घालून बाहेर पडले. मागून प्रसन्नाचा आवाज आला, "अम्मा, हे काय होतं?" आणि अत्तिगेंचा, "तुझ्या वडलांचे चाहते."

खून दिवाणजीने केला होता. श्रीकंठय्यांना ते आधीच ठाऊक होतं असं ते म्हणाले, पण ऐकायला कोणी नव्हतं. नागरत्नम्मा आतल्या खोलीत जाऊन झोपल्या होत्या.

तेराव्या दिवशी वैकुंठ समाराधनेचं जेवण झालं, पाहुणे पांगले, प्रसन्ना कॅनडाला परतला. आईला बरोबर चल म्हणत होता, पण वर्षश्राद्ध झाल्याशिवाय घर सोडणार नाही असं अत्तिगेंनी सांगितलं. पाठोपाठ श्रीकंठय्यांच्या टीव्हीवर पुन्हा पाटी आली. दोन दिवस त्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी नागरत्नम्मांना म्हणाले, "तू विचार ना. बायकांचं बायकांत बरं असतं."

"मी नाही. तुमचा खून, तुम्हीच निस्तरा."

शेवटी त्यांनीच फोन केला. अत्तिगे रागावतील अशी त्यांची अपेक्षा होती. त्यासाठी त्यांनी दोनतीन वाक्यंही जुळवून ठेवली होती. पण अत्तिगे गोड आवाजात म्हणाल्या, "अरे, त्यात काय. पण मला म्हातारीला फोनवर आकडे वाचायला जमत नाही बघ दरवेळी. ऐकूही नीट येत नाही. मी असं करते, फोन घेऊनच येते."

"कशाला उगाच त्रास..."

"त्रास कसला? संध्याकाळी घर खायला उठतं."

सहाच्या सुमारास अत्तिगे आल्या. कापडी पिशवीत अण्णांचा फोन, पोथी, गुडघ्याचं तेल. त्यांनी कोड वाचून दाखवला. तो अगदी नीट वाचता आला त्यांना. टीव्ही सुरू झाला. श्रीकंठय्यांनी आभार मानले आणि रिमोटला हात घातला, तर रिमोट अत्तिगेंच्या हातात.

"चाळीस वर्षं हे यांच्या हातात होतं," अत्तिगे रिमोट उलटासुलटा करत म्हणाल्या. "आधी रेडिओची खुंटी, मग हे. बातम्या आणि क्रिकेट, क्रिकेट आणि बातम्या. मला कधी कुणी विचारलं नाही, वेदा तुला काय बघायचंय. नागरत्ना, तुला कुणी विचारलंय?"

"नाही, अक्का," नागरत्नम्मा लगेच म्हणाल्या.

"मग ये, बस."

अत्तिगेंना बघायची होती तुर्कस्तानातली एक मालिका, कुणीतरी हिंदीत बोलकी केलेली. दोन भाऊ, एक हवेली, एक आंधळी मुलगी, आणि भाग इतके की बघणाऱ्याचं वर्षश्राद्ध येऊन जावं. अत्तिगेंना हिंदी बेतास बात येई. त्यामुळे दर वाक्याला नागरत्नम्मा कन्नडमध्ये अर्थ सांगत आणि दर अर्थावर दोघी चर्चा करत. आठ वाजता अत्तिगे म्हणाल्या, "पोटात कावळे ओरडायला लागले." नागरत्नम्मांनी डोसे घातले. डोसे खात आणखी एक भाग झाला.

दुसऱ्या दिवशीही अत्तिगे आल्या. तिसऱ्याही. कोड रोज लागत नव्हता, पण लागला तर असावा म्हणून फोन यायचा, आणि फोन आला की अत्तिगे आल्याच. खिडकीजवळची वेताची खुर्ची त्यांची झाली. कॉफी दोनदा होऊ लागली. डिकॉक्शन पातळ झालं तर त्या तोंडावर सांगायच्या. श्रीकंठय्यांनी एकदा सुचवून पाहिलं की एक तास तुमची मालिका, एक तास माझी.

"तुझ्या मालिकेत रक्त फार असतं रे," अत्तिगे म्हणाल्या. "माझं सुतक आत्ताच संपलंय."

श्रीकंठय्या ओसरीवर जाऊन बसले.

आठवड्याभरात विशालाक्षी टीचर दारात उभ्या. हातात चकल्यांचा डबा.

"या, या," श्रीकंठय्या चपापून म्हणाले. टीचर आजवर त्यांच्या घरात कधी आल्या नव्हत्या.

"रोज भिंतीतून ऐकू येतंय. काल ती आंधळी मुलगी विहिरीकडे निघाली आणि तुम्ही बंद केलंत. मला रात्रभर झोप नाही." टीचर चपला काढत होत्या. "म्हटलं, भिंतीला कशाला त्रास द्यायचा?"

नागरत्नम्मांना हसू आवरेना. त्या तोंडाला पदर लावून आत पळाल्या. टीचर त्या दिवसापासून रोजच्या झाल्या. त्यांच्या येण्याने एक वाईट झालं, की संध्याकाळची वीणा बंद पडली. श्रीकंठय्यांचा टीव्ही गेला होता, आता संगीतही गेलं. घरात तीन बायका, एक हवेली आणि सतत शिजणारं काहीतरी. ते ओसरीवर बसून फोनवर गाणी ऐकू बघत, तर आतून आवाज येई, "श्रीकंठू, जरा हळू! इथे कळत नाही!"

महिना सव्वा महिना त्यांनी सोसलं. मग एका सकाळी, नागरत्नम्मा भाजीला गेल्या असताना, त्यांनी दार आतून लावून घेतलं, बँकेचं कार्ड काढलं आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पैशाने, वर्षभराची वर्गणी भरली. शेवटचं बटण दाबताना त्यांचं बोट अडखळलं. दाबल्यावर ते तांब्याभर पाणी प्यायले. पण हिशेब सरळ होता. आपलं खातं म्हणजे आपला कोड. आपला कोड म्हणजे अण्णांच्या फोनची गरज नाही. फोनची गरज नाही, तर अत्तिगेंना यायला कारण नाही.

संध्याकाळी त्यांनी ही बातमी फार सौजन्याने दिली.

"अत्तिगे, तुम्हाला रोज पायपीट होते, मला बघवेना. म्हणून मी स्वतःचंच खातं घेतलं. आता तुम्ही आपल्या घरी निवांत बघा. आपापल्या टीव्हीवर."

नागरत्नम्मांचा चेहरा उतरला. टीचरनी चकलीचा तुकडा तोंडापाशी नेलेला तसाच खाली ठेवला.

अत्तिगे मात्र खुलल्या. "तू घेतलंस? पैसे भरून? अरे वा! अण्णा असायला हवे होते रे हे ऐकायला." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि पदराआड नेमकं काय चाललं होतं हे कुणाला दिसलं नाही. "बरं झालं बाई. प्रसन्नाला आजच सांगते, आमचं बंद करून टाक म्हणून. एका माणसासाठी कशाला दोन-दोन खाती? नागरत्ना, लाव बघू कालचं पुढे."

नागरत्नम्मांनी इतक्या चपळाईने लावलं की गुडघेदुखी कुठे गेली कळलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून अत्तिगे दुपारीच येऊ लागल्या. अशा एका दुपारी श्रीकंठय्या पेन्शनच्या दाखल्यासाठी बँकेत रांगेत उभे होते. त्यांचा नंबर आला, साहेबाने अंगठा पुढे करायला सांगितला, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी बाई होती.

"श्रीकंठय्या का? मी अंबुजा, भद्रावतीहून. वेदक्काची धाकटी बहीण. तुमच्याकडे एक कोड आला असेल बघा."

श्रीकंठय्यांनी बघितलं. आला होता.

"तुम्हाला पासवर्ड कुणी दिला?"

"वेदक्काने. तुमच्या टीव्हीशेजारच्या कागदावर होता म्हणे. ती म्हणाली, आमचा श्रीकंठू फार उदार झालाय."

"हे बघा बाई," श्रीकंठय्यांचा आवाज चढला, "हे बेकायदा आहे! दुसऱ्याच्या खात्यावर असं बघणं म्हणजे चोरी आहे, चोरी. ज्यांनी मेहनत करून या मालिका बनवल्या, त्या कलावंतांच्या पोटावर पाय आहे हा! लोकांना काही लाजच उरली नाही!"

बँकेतली माणसं वळून बघायला लागली. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तर मान डोलावून "बरोबर आहे" म्हटलं.

अंबुजाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "खरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "मी वेदक्काला तसंच सांगते, की श्रीकंठू नाही म्हणाला, चोरी आहे म्हणाला. ती आत्ता तुमच्याच घरी आहे ना? तिला फोन करते आणि..."

"थांबा," श्रीकंठय्या म्हणाले.

अत्तिगे ते वाक्य ऐकल्यावर काय बोलतील, कुणासमोर बोलतील आणि अण्णांच्या दहाव्याआधीची ती दुपार किती लोकांच्या अजून लक्षात असेल, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एका क्षणात गेलं. काउंटरवरचा साहेब अंगठा मागत होता. श्रीकंठय्यांनी एका हाताचा अंगठा यंत्रावर दाबला आणि दुसऱ्या हाताने फोन तोंडाशी धरून चार आकडे सांगितले.

"स्पष्ट बोला ना जरा," अंबुजाबाई म्हणाल्या. "शेवटचा दोन की नऊ?"

"नऊ!" श्रीकंठय्या ओरडले.

घरी आले तेव्हा तिघी टीव्हीसमोर बसल्या होत्या. कुणी वळून बघितलं नाही. जेवण झाकून ठेवलेलं होतं. ते पासवर्ड बदलायचाच असं ठरवून आले होते, वाटेत नवा शब्दही ठरवला होता. पण त्यांना ते टीव्हीवरच जमायचं, त्यासाठी रिमोट लागणार होता आणि रिमोट अत्तिगेंच्या मांडीवर होता. ते दाराच्या चौकटीला टेकून, मालिकेत जाहिरातीसारखी एखादी फट मिळते का म्हणून वाट बघत राहिले. पैसे भरलेल्या खात्यात जाहिराती येत नाहीत, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

पडद्यावर धाकटा भाऊ विहिरीपाशी कुदळ घेऊन उभा होता.

"हा काय पुरतोय?" श्रीकंठय्यांनी न राहवून विचारलं.

"गप्प बसा हो," नागरत्नम्मा म्हणाल्या. "भाग संपला की सांगते."

"खून झालाय का पण?"

अत्तिगेंनी रिमोट उचलून आवाज वाढवला. टीचरनी मांडी थोडी आवरून जमखान्यावर जागा केली, आणि श्रीकंठय्या बसले.